दारू सुटली, पण घरातली माणसं आपापल्या जागी परतत नाहीत

उंबरठा

माझ्या नवऱ्याची दारू सुटली आहे. आधी व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार झाले, मग दारू सोडणाऱ्यांच्या सभा सुरू झाल्या, आणि यावेळी ते टिकतंय. आनंदच आहे. तरीही धागा काढतेय, कारण सुटल्यानंतर घरात जे सुरू झालं त्याची कल्पना आम्हाला कुणी दिली नव्हती.

तो पीत होता तेव्हा घर तिघींवर चालत होतं. पैसे, हप्ते, बाहेरची कामं माझ्याकडे. धाकट्याचा अभ्यास, त्याला वेळेवर झोपवणं आणि रात्री दार उघडणं हे थोरल्या मुलीकडे. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, हळूहळू तिच्याकडे गेलं. सासूबाईंचं काम नातेवाइकांना तोंड देण्याचं. तब्येत बरी नाही, कामासाठी बाहेर गेलाय, झोपलाय. वर्षानुवर्षं त्यांनी लेकावर पांघरूण घातलं.

आता तो संध्याकाळी घरात असतो, शुद्धीत असतो, आणि त्याला बाप व्हायचंय. पण धाकट्याला काही बोलला की मुलगी मध्ये पडते. 'त्याचं मी बघते' म्हणते. तो माझ्याकडे बघतो, ती पण माझ्याकडे बघते. त्याने कार्ड मागितलं की माझ्या तोंडून आधी 'कशाला?' निघतं आणि त्याचा चेहरा उतरतो. सासूबाई तर अजूनही फोनवर तो घरात नसल्याचं सांगतात, तो समोर बसलेला असताना. धाकटा कुठल्याही परवानगीसाठी ताईकडे जातो, बाबांकडे नाही.

कुणी वाईट वागत नाहीये. पण जो तो जुनीच ड्यूटी करतोय.

सल्ला हवाच आहे. त्याआधी तुमच्या घरांत काय झालं ते वाचायला आवडेल. व्यसन दारूचं असो, गोळ्यांचं, जुगाराचं, कशाचंही. कुणी कुणाची जागा घेतली? ती परत दिली का? कशी?

---

थोरली

ताई, तुमची मुलगी म्हणजे मीच समजा.

एक गोष्ट आधी सांगते. ती उद्धटपणा करत नाहीये. तिला लहान वयात एक काम मिळालं आणि ते तिने चोख केलं. त्याबद्दल तिचं सगळ्यांनी कौतुक केलं असणार, 'किती समजूतदार पोर आहे'. माझं तर फार व्हायचं. घरात दुसऱ्या कशाबद्दल कौतुक व्हायला वेळच नव्हता, त्यामुळे ती समजूतदारी हीच माझी ओळख झाली. बाबा सुधारले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मला मात्र कामावरून काढून टाकल्यासारखं वाटलं. आणि ज्यांच्यामुळे ते काम माझ्याकडे आलं, तेच आता येऊन ते मागत होते.

दुसरं, तिचा राग आता बाहेर पडेल. बाबा पीत होते तेव्हा मला रागावणं परवडत नव्हतं. जिन्यावरच्या पावलांवरून मला त्यांची अवस्था कळायची, आणि त्यानुसार भावंडांना कुठल्या खोलीत न्यायचं ते ठरायचं. अशा वेळी कोण रागावणार? ते शुद्धीवर आले, घर सुरक्षित झालं, आणि मग मी भांडायला लागले. नातेवाईक म्हणाले, बाप सुधारला आणि पोरगी बिघडली. कृपा करून तुमच्या मुलीला हे कुणाला म्हणू देऊ नका.

तिच्याकडचं सगळं एकदम काढून घेऊ नका. तिला विचारा, यातलं तुला काय नकोय? आणि तिने जे केलं त्याची नोंद घ्या. नुसतं 'थँक यू' पुरत नाही. बाबांनी स्वतः तिला सांगायला हवं की त्या दिवसांत तू काय काय केलंस हे मला माहीत आहे.

---

समुपदेशक_एक

मी व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबांबरोबर काम करते. उंबरठाताई, तुम्ही जे लिहिलंय त्यात तुमच्या घराचं काही चुकलंय असं नाही. याचं वर्णन फार पूर्वीच झालेलं आहे. जोन जॅक्सन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९५४ मध्ये मद्यपींच्या बायकांच्या मदतगटात ऐकलेल्या अनुभवांवरून एक लेख लिहिला. घर या संकटाशी कसं जुळवून घेतं याचे त्यांनी सात टप्पे मांडले. आधी नाकारणं. मग आपल्या परीने प्रश्न मिटवायची धडपड आणि जगापासून तुटत जाणं. मग सगळं विस्कळीत होणं. मग नवऱ्याला वगळून घर पुन्हा उभं करणं, काही घरांत वेगळं होणं. शेवटचा टप्पा आहे तो नवरा दारू सोडून परत आल्यावरचा. तोही त्यांनी अडचणींचाच टप्पा म्हणून लिहिला, कारण तोवर बायको आणि मुलं त्याच्याशिवाय जगायला शिकलेली असतात आणि त्याला मात्र लगेच जुना मान हवा असतो. तुम्ही आत्ता तिथे आहात.

मुलांच्या भूमिकांबद्दल. शॅरन वेगशायडर-क्रूझ यांनी व्हर्जिनिया सटीर यांच्या कुटुंबोपचाराच्या कामावर आधारून १९८० च्या सुमारास काही भूमिका मांडल्या, त्या आजही सगळीकडे शिकवल्या जातात. सगळं निस्तरणारी व्यक्ती, ही बहुतेक वेळा जोडीदार. घराची लाज राखणारं कर्तबगार मूल. सगळा दोष ज्याच्या माथी जातो ते मूल. कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेलं, कोपऱ्यातलं मूल. आणि ताण वाढला की सगळ्यांना हसवणारं मूल. आमच्याकडे येणाऱ्यांना हे वाचल्यावर रडू येतं, इतकं ते ओळखीचं वाटतं.

पण ही निरीक्षणं आहेत, निदान नाही. एकच मूल दोन-तीन भूमिका करतं, वयाप्रमाणे बदलतं, एकुलतं असेल तर सगळ्याच करतं. मुलांवर शिक्के मारायला हे वापरू नका. उपयोग एवढाच की कर्तबगार मुलाकडे बघून 'हिचं छान चाललंय' असं म्हणताना आपण जरा थांबतो.

---

वाटसरू

मी दुसऱ्या बाजूचा. दारू सोडलेला माणूस.

केंद्रातून घरी आलो तेव्हा वाटत होतं की मी एवढं मोठं काम केलंय, आता घर माझं स्वागत करेल. घराने केलंही. पण निर्णय सगळे माझ्या पाठीमागे व्हायचे. मी खोलीत आलो की बोलणं थांबायचं. बायको माझ्या जवळ येऊन उभी राहायची, तेव्हा ती वास घेतेय हे मला कळायचं. त्या अपमानाने मी आतून पेटायचो, आणि पेटलेल्या माणसाला तलफ लवकर येते.

सभेत एका जुन्या सभासदाने मला विचारलं, 'तुला अधिकार हवेत की कामं?' मी गप्प झालो. त्यांनी सांगितलं, घरी जाऊन एक काम मागून घे, असं काम की जे तू केलं नाहीस तर घर अडणार नाही, पण केलंस तर सगळ्यांना दिसेल. मी मुलाला सकाळी शाळेत सोडायचं काम मागितलं. पहिले काही आठवडे बायको गॅलरीत उभी राहून बघायची. मला ते आवडायचं नाही, पण मी तिला कधी बोललो नाही.

पैशांचं म्हणाल तर कार्ड मी आपणहून तिच्याकडे ठेवायला दिलं. तिने घेतलं असतं तर मी भांडलो असतो. मी दिलं म्हणून दोघांनाही सोपं गेलं. तुमच्या मिस्टरांनी हे वाचलं तर बरं होईल. विश्वास मागून मिळत नाही, आणि आपण तो मागत राहिलो की समोरच्याला पुन्हा जुनं सगळं आठवतं.

---

परखड

समुपदेशकबाईंचा प्रतिसाद चांगला आहे, पण 'सगळं निस्तरणारी' या शब्दावर मला बोलायचंय. याच्याच पुढचा शब्द 'सहव्यसनी', म्हणजे व्यसनी माणसाला सांभाळता सांभाळता त्याच्या व्यसनाला हातभार लावणारं, म्हणून स्वतःही आजारी ठरवलेलं जवळचं माणूस. माझ्या बहिणीला एका समुपदेशकाने तोंडावर सांगितलं, तुमच्याही मनात कुठेतरी त्याने प्यावं असंच आहे. ती बाई नवऱ्याच्या साहेबांना फोन करून रजा मागायची, कारण नोकरी गेली असती तर मुलांची फी कुणी भरली असती? याला आजार म्हणायचं?

ही परंपरा जुनी आहे. जॅक्सनबाईंच्या लेखाच्या आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, थेल्मा व्हेलन यांनी मद्यपींच्या बायकांचे चार प्रकार पाडले होते आणि त्यांना चक्क नावं दिली होती. सोसणारी सुझन, हुकूम गाजवणारी कॅथरीन, धरसोड करणारी विनिफ्रेड आणि शिक्षा देणारी पॉली. म्हणजे बायको सोसो, रागावो, गोंधळो की सूत्रं हातात घेवो, दोष तिच्याच स्वभावात. जॅक्सन यांचं मोठेपण हे की त्यांनी तो चष्मा काढला आणि म्हटलं, या बायका एका लांबलेल्या संकटाला तोंड देताहेत.

पुढे ब्रिटनमध्ये जिम ऑरफर्ड आणि सहकाऱ्यांनी हेच अधिक नीट मांडलं. व्यसनी माणसाजवळ राहणं हा प्रचंड ताण आहे, त्याने शरीर आणि मन दोन्ही झिजतं, आणि कुटुंबीय त्याला तीन तऱ्हांनी तोंड देतात. सोसत राहतात, अडवायला जातात किंवा अंतर राखून स्वतःचं जगणं सांभाळतात. बहुतेक जण आलटून पालटून तिन्ही करतात. यातली एकच तऱ्हा बरोबर असं कुणी बाहेरून सांगू शकत नाही. 'सहव्यसन' हे मानसिक आजारांच्या डीएसएम या अधिकृत वर्गीकरणात कधीच नव्हतं आणि आजही नाही.

---

समुपदेशक_एक

परखड, तुमच्या बहिणीला जे ऐकावं लागलं ते चूक होतं आणि तसं आजही बोललं जातं. पूर्ण सहमत. एवढंच जोडते की निस्तरणं थांबवायला सांगताना आम्ही दोष देत नाही. त्याच्या वतीने सगळे परिणाम घरच्यांनी भोगले की त्याला बदलायचं कारण दिसत नाही, एवढाच मुद्दा. पण कुठला परिणाम त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचा हे त्या बाईनेच ठरवायचं. मुलांच्या पोटावर येत असेल तर अर्थातच नाही.

---

मधली

आमच्या घरी ऑनलाइन जुगार. वाचून काहींना वाटेल, हे काय व्यसन? २०१३ पासून डीएसएममध्ये जुगार दारू-ड्रग्जबरोबर एकाच प्रकरणात आहे, आणि ज्याच्या घरी आहे त्याला ते पुस्तक उघडावं लागत नाही.

दारूला वास असतो, चाल बिघडते. जुगाराचं काहीच दिसत नाही. दादा वेळेवर घरी यायचा, सगळ्यांशी हसून बोलायचा. वसुलीचे फोन सुरू झाले तेव्हा आम्हाला कळलं. आई-बाबांनी साठवलेल्यातून कर्ज फेडलं. त्याने पाया पडून शपथ घेतली. कर्ज फिटल्यामुळे त्याला पुन्हा कर्ज मिळायला लागलं. हे चक्र किती वेळा फिरलं ते आता आई पण सांगणार नाही, कारण त्यातल्या काही वेळा तिने बाबांपासून लपवून पैसे दिले. म्हणजे एकाच्या लपवाछपवीतून दुसरी सुरू झाली. आज माझे आईवडील एकमेकांना विचारल्याशिवाय कपाट उघडत नाहीत.

आणि मी? मला कुणीच काही विचारलं नाही. घरातल्या प्रत्येक बोलण्याचा विषय दादा. मी आजारी पडले तरी फोनवर दहाव्या वाक्याला दादा यायचा. उपचार सुरू झाले, तिथे आईवडिलांना बोलावलं, वहिनीला बोलावलं, बहिणीला नाही. आईवडिलांचं म्हातारपण कोण बघणार हे मात्र न बोलता ठरलेलं आहे. दादावर माझं प्रेम आहे. पण 'त्याला समजून घे' हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही.

ज्यांच्या घरी असं आहे त्यांना हात जोडून विनंती, ज्या मुलाचं सगळं सुरळीत आहे त्याच्याशी महिन्यातून एकदा तरी व्यसनी भावंडाचं नाव न काढता बोला.

---

शेवटचा_बाक

वर उल्लेख केलेलं कोपऱ्यातलं मूल म्हणजे मी. माझा कुणाला त्रास नव्हता. माझे मार्क ठीक असायचे, मी काही मागायचो नाही, पाहुणे 'हा घरात आहे हे कळतच नाही' असं कौतुकाने म्हणायचे. आज बायकोला काही हवं-नको सांगायचं तर घशाशी येऊन थांबतं. आई कधीच पुन्हा पिणार नाही असं वाटतं, पण मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. हो, आमच्याकडे आई. त्यामुळे बाहेर कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. बाप पितो म्हटलं की लोक हळहळतात, आई पिते म्हटलं की थुंकतात. तिने उपचार घ्यायला इतका उशीर केला त्याचं तेही एक कारण होतं.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. थोरली, तुमचा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'बाबा परत प्यायला लागले तर याला परत मलाच सांभाळायचं ना? मग आता कशाला सोडू?'

मला उत्तर देता आलं नाही. 'नाही पिणार गं' म्हणायचं ओठांवर आलं होतं, पण ते मी कसं सांगू? कुणी सांगाल का, या प्रश्नाला खरं उत्तर काय द्यायचं?

---

समुपदेशक_एक

'नाही पिणार' म्हणाला नाहीत हे फार चांगलं केलंत. उपचारांनंतर पुन्हा घसरण होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाणही साधारण याच घरातलं आहे. म्हणजे घसरण हा अपवाद नाही आणि तो शेवटही नाही. मुलीची भीती बरोबर आहे, त्यामुळे तिला दिलासा देण्याऐवजी योजना द्या.

नवरा-बायको दोघांनी बसून लिहा: घसरण झालीच तर त्या रात्री कोण काय करेल. कुणाला फोन जाईल. धाकटा कुठे झोपेल. तो कुठे राहील. दुसऱ्या दिवशी कुठल्या डॉक्टरकडे जायचं. प्रत्येक कामापुढे मोठ्या माणसाचं नाव हवं. मुलीचं नाव एकाही ओळीत नको. आणि ते तिला तिच्या बाबांनी वाचून दाखवायचं. मग तिच्या प्रश्नाचं उत्तर असं: 'परत प्यायले तर काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि त्यात तुझ्याकडे काम नाही.' तिला यावर विश्वास ठेवायला वेळ लागेल. तो द्या.

अजून एक. वोलिन आणि बेनेट यांनी मद्यपी पालकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. ज्या घरांनी रात्रीचं एकत्र जेवण, सुट्टी, वाढदिवस असे ठरलेले प्रसंग दारूच्या तावडीत जाऊ दिले नाहीत, तिथल्या मुलांमध्ये पुढे दारूचा त्रास कमी दिसला. व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानतात. म्हणजे निम्म्याच्या आसपास भाग घर आणि परिस्थिती यांचा उरतो. तुमच्या घरात असा एखादा प्रसंग तग धरून असेल तर तो धरून ठेवा आणि नवऱ्याला त्यात सामील करा. नवीन काही सुरू करण्यापेक्षा ते सोपं जातं.

---

काठावरची

मी नुसती वाचत होते. माझा नवरा अजून पितो. तुमच्या सगळ्यांकडे निदान 'नंतर' तरी आहे. तो उपचारांना तयार नाही. त्याला खोलीत बंद करून दारू बंद करावी असं दिराचं म्हणणं आहे. करावं का?

---

समुपदेशक_एक

नाही, हे अजिबात करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते आणि दोन-चार दिवसांत डेलिरियम ट्रेमेन्स नावाची अवस्था होऊ शकते. भ्रम, थरथर, ताप. यात जीव जाऊ शकतो. दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच उतरवायची. दिरांना हे दाखवा.

तो तयार नसला तरी तुमच्या हातात काहीच नाही असं नाही. क्राफ्ट नावाची एक पद्धत आहे, रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेली. ती फक्त घरच्यांना शिकवतात. तो शुद्धीत असताना त्याच्याशी मनापासून वेळ घालवा. प्यायलेला असताना वाद न घालता बाजूला व्हा. त्याचे परिणाम झाकू नका. आणि उपचारांचा विषय भांडणात काढू नका, तो स्वतःच पस्तावलेला असेल तेव्हा काढा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत या मार्गाने गेलेल्या ६४ टक्के कुटुंबांतला माणूस उपचारांपर्यंत आला. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ते प्रमाण ३० टक्के होतं. आणि या काळात तुम्ही स्वतः माणसात राहा, झोपा, खा, कुणाशी तरी बोला. हाही त्या पद्धतीचाच भाग आहे.

तो हात उगारत असेल तर मात्र यातलं काहीही आधी नको. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी.

---

काठावरची

हात उगारत नाही. वाचतेय. दिरांना पाठवलं.

---

उंबरठा

आम्ही लिहायला बसलो. दोन संध्याकाळी लागल्या. त्याला स्वतःच्या घसरणीबद्दल लिहिणं जड गेलं, 'म्हणजे तू धरूनच चाललीयेस' असं म्हणून उठून गेला. मग त्याच्या सभेतल्या सोबत्याशी बोलून परत आला आणि 'मी कुठे राहीन' ही ओळ त्याने स्वतः भरली.

मुलीला त्याने वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, 'रात्री दार कोण उघडणार?' आम्ही ते लिहायलाच विसरलो होतो. माझं नाव घातलं. धाकट्याचं गणित तिला सोडायचं नाहीये, तिला ते आवडतं, ते तिच्याकडेच राहील. शाळेच्या डायरीवर सही आता बाबांची. कार्ड सध्या माझ्याकडे, त्याने स्वतःहून दिलं. वाटसरू, हे तुमच्यामुळे.

सासूबाईंशी बोलणं जमलेलं नाही. 'माझं काय चुकलं?' एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी शोधावं लागेल.

शेवटचा प्रश्न. धाकटा आठ वर्षांचा आहे. त्याला काय सांगायचं, किती सांगायचं?

---

थोरली

मी माझ्या भावाला जे सांगायला हवं होतं असं आता वाटतं, ते सांगते. बाबांना एक आजार आहे, त्यात दारू थांबवता येत नाही. तो तुझ्यामुळे झाला नाही. तू शहाण्यासारखा वागून तो बरा होत नाही आणि तू खोड्या काढल्यास म्हणून परत येत नाही. याबद्दल घरात कुणालाही, कधीही विचारलेलं चालेल. एवढं पुरे आहे, बाकीचं तो विचारेल तसं.

पण त्याआधी मुलीला विचारा की तिने त्याला इतके दिवस काय सांगितलंय. तिने काहीतरी नक्की सांगितलेलं असणार. ती खोटी ठरेल असं काही बोलू नका.